नदी मक्त्याने देताना

शुभवर्तमानात ‘जकातदार’ हा शब्द बहुधा एकटा येत नाही. ‘जकातदार आणि पापी’ अशी जोडी करूनच तो येतो आणि मिस्साच्या वाचनांत ती जोडी वर्षानुवर्षे ऐकत आल्यामुळे आपल्याला तिचे काही वाटेनासे झाले आहे. सरकारी नाक्यावर बसून कर गोळा करणारा एक कारकून एवढा तिरस्करणीय का ठरावा? आजही आपण कर भरताना कुरकुरतो. परंतु आयकर खात्यातील नोकराला कोणी चोरांच्या आणि वेश्यांच्या पंक्तीला बसवत नाही. या तिरस्कारामागे एक व्यवस्था होती. जकातदार हा सरकारचा पगारी नोकर नव्हता. एखाद्या नाक्यावरील जकातीचा हक्क तो आगाऊ रक्कम देऊन विकत घेत असे. सरकारचे पैसे सरकारला पोचले की राज्यकर्त्याचा आणि त्याचा हिशेब संपला. पुढे त्या नाक्यावरून जाणाऱ्या कोळ्याकडून, शेतकऱ्याकडून किती उकळायचे हा त्याचा प्रश्न. कफर्णहूमच्या नाक्यावर बसलेला मत्तय हेरोद अंतिपाच्या मुलखात होता, यरीहोचा जक्कय थेट रोमच्या अंमलाखालील प्रांतात होता. राजे वेगळे, रीत मात्र एकच.

या रीतीचे मूळ रोममध्ये शोधावे लागते आणि तेही जकातीच्या नाक्यापेक्षा चांदीच्या खाणीत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमच्या हाती स्पेनमधील खाणी आल्या. आजच्या कार्ताखेना शहराजवळच्या खाणींचे वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केले होते आणि ते स्ट्रॅबोच्या भूगोलग्रंथातून आपल्यापर्यंत पोचले आहे. तेथे ४०,००० माणसे राबत होती आणि रोमन जनतेच्या तिजोरीत रोज २५,००० द्राख्मांची भर पडत होती. म्हणजे दर माणसामागे दिवसाला अर्ध्या द्राख्म्याहून थोडे अधिक. ती माणसे कशी जगत होती हे डिओडोरस सांगतो. बहुतेक गुलाम, रात्रंदिवस जमिनीखाली खोदकाम, विश्रांती नाही, उसंत नाही, मुकादमाचे फटके आहेत. ज्यांची शरीरे दणकट त्यांचे हाल अधिक, कारण त्यांना मरण लवकर येत नसे. या खाणी रोमन राज्य स्वतः चालवीत नसे. त्या मक्त्याने दिल्या जात. मक्ता घेणाऱ्यांत बड्या मंडळ्या किती आणि लहान ठेकेदार किती यावर इतिहासकार वाद घालत आले आहेत; परंतु राज्याने काम दुसऱ्याकडे सोपवून पैसा आपल्याकडे ठेवला याविषयी वाद नाही.

सोपवण्याची ही क्रिया दिसायला मोठी स्वच्छ होती. दर पाच वर्षांनी सेन्सर नावाचे अधिकारी रोममध्ये भर चौकात लिलाव पुकारीत. लिलावाच्या जागी भाला रोवलेला असे. (आपल्या ‘लिलाव’ या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘लेलाँव’ आहे, हे वसईकरांना सांगायला नको, त्याच पोर्तुगीज भाषेत सरकारी लिलावाला आजही ‘भाला’ या अर्थाचा लॅटिन शब्द वापरतात. दोन हजार वर्षे तो भाला असा शब्दात रोवलेला राहिला.) बोली उघड होई, जामीन घेतले जात, करार लिहिला जाई. सिनेटच्या सभासदाला तर असे मक्ते घेण्याची मनाईच होती. म्हणजे कायदा करणाऱ्याचे हात चांदीला लागत नव्हते आणि चांदी काढणाऱ्याला कायदा करता येत नव्हता. कागदावर यापेक्षा निर्मळ व्यवस्था ती कोणती?

परंतु सिनेटला आत काय चालले आहे हे माहीत नव्हते असे मात्र नाही. इ.स.पू. १६७ मध्ये मॅसिडोनिया जिंकल्यावर तेथील सोन्याचांदीच्या खाणी बंद ठेवण्याचा निर्णय रोमने घेतला. लिव्ही या इतिहासकाराने दिलेले त्याचे कारण विलक्षण आहे. मक्तेदारांवाचून या खाणी चालणार नाहीत, आणि मक्तेदार आला की एकतर राज्याचा कायदा पोकळ ठरतो, नाहीतर तेथील लोकांचे स्वातंत्र्य नाहीसे होते, अशी सिनेटची धारणा असल्याचे तो सांगतो. एवढी स्पष्ट कबुली आजच्या कुठल्या विधिमंडळाच्या कामकाजात सापडेल असे वाटत नाही. नऊ वर्षांनी, इ.स.पू. १५८ मध्ये, त्याच खाणी पुन्हा उघडल्या गेल्या.

या नऊ वर्षांपाशी मला थांबावेसे वाटते. अज्ञानाने केलेल्या अन्यायाला नीतिशास्त्र सौम्य वागणूक देते. येथे अज्ञान नव्हते. काय होईल ते ठाऊक होते, ते नोंदले गेले होते, त्यावर एकदा योग्य तो निर्णयही झाला होता. मग तिजोरीची गरज आठवली. ज्याने हे थांबवण्याचा प्रयत्न केला त्याचे काय झाले याचीही नोंद आहे. रुटिलियस रूफस या अधिकाऱ्याने आशिया प्रांतात मक्तेदारांच्या लुटीपासून लोकांना संरक्षण दिले. रोममध्ये परतल्यावर प्रांताची लूट केल्याचा आरोप त्याच्यावरच ठेवण्यात आला. न्यायपीठावर मक्तेदारांच्या वर्गातील माणसे होती आणि इ.स.पू. ९२ मध्ये त्याला शिक्षा झाली. हद्दपारीसाठी तो त्याच प्रांतात गेला, ज्याला लुटल्याचा आरोप त्याच्यावर होता, आणि तेथल्या लोकांनी त्याचे सन्मानाने स्वागत केले.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे वाटेल. पण ज्या भूमीविषयी मला लिहायचे आहे तिने हीच रीत थोड्या वेगळ्या पोशाखात अनुभवली आहे. परभणी, पाथरी, गंगाखेड, हिंगोली हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चंदुलालच्या कारभारात, त्या राज्याचा महसूल इजाऱ्याने दिला जाई. जो जास्त बोली करील, किंवा ज्याचे दरबारावर आगाऊ कर्ज असेल, त्याला तालुकेच्या तालुके लावून दिले जात. शेजारच्या वऱ्हाडात पुरणमल नावाच्या हैदराबादी सावकाराकडे मोठा मुलूख होता. १८३९ मध्ये तो त्याच्याकडून काढून पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे देण्यात आला. ही पेढी कर्तबगार होती. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईला धाडण्याची सुरुवात १८२५-२६ मध्ये तिनेच केली. तिच्या नावाने ओळखले जाणारे चांदीचे रुपये औरंगाबादच्या टांकसाळीत पडत. दरबाराला तिने भरमसाट कर्ज दिले आणि त्याच्या फेडीसाठी महसुलाचे हक्क घेतले. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला, १८४५ मध्ये पेस्तनजींचे परगणे काढून घेण्यात आले आणि पेढी बुडाली. इजारदार नेहमी गबर होतो हा आपला समज तेवढा खरा नाही. रयत एका टोकाला भरडली जाते, कधीकधी इजारदारही दुसऱ्या टोकाला भरडला जातो. मधल्या मध्ये ज्याने मक्ता दिला तो दरबार मात्र दोघांकडे बोट दाखवून मोकळा होतो.

१८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी इजाऱ्याची पद्धत मोडीत काढून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ च्या जिलाबंदीने राज्याची जिल्ह्यांत विभागणी केली. परभणी जिल्ह्याचा कारभार अशा रीतीने इजारदाराच्या जागी सरकारी अधिकाऱ्याच्या हाती आला. पद्धत गेली, शब्द राहिला. कंत्राटदाराला मराठवाड्यात आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना तोंडावर जे भाव येतात ते काही कोशात दिलेले नाहीत.

आता त्याच जिल्ह्यातील गोदावरीकडे वळू. पाथरी तालुक्यातून ती जिल्ह्यात येते आणि मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम असे तालुके ओलांडीत पूर्णेकडे जाते. कंठेश्वरला पूर्णा नदी तिला मिळते. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. याच पात्रातील वाळू सरकार मक्त्याने देते. कायद्याच्या भाषेत वाळू हे ‘गौण खनिज’ आहे. गौण का, हे ज्याने एकदा घर बांधले आहे त्याला विचारावे. पात्राचा ठरावीक तुकडा म्हणजे घाट. त्यातून किती ब्रास उचलायची ते ठरते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सरकार लिलावासाठी एक किमान रक्कम ठरवते, तिला ‘हातची किंमत’ म्हणतात. ग्रामसभेचे मत घेतले जाते, पर्यावरणाची मंजुरी लागते. पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाही ती मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात बजावले. बोली होते, रक्कम भरली जाते, वाहतुकीच्या पावत्या मिळतात. सूर्यास्तानंतर उपसा नाही, यंत्राने उपसा नाही, पुलापासून अंतर राखायचे, अशा अटी करारात असतात. वाचताना त्या रोमन लिलावासारख्याच स्वच्छ वाटतात.

समजा, एका घाटातून दोन हजार ब्रास उचलण्याची परवानगी आहे आणि बोली चढत चढत इतकी गेली की केवळ सरकारात भरलेल्या रकमेचा भारच दर ब्रासला तीन हजार रुपये पडतो. उपसा, भरणी, डिझेल आणि वाटेत जिथे जिथे हात पसरले जातात तो खर्च आणखी दीड हजार. बाजारात वाळू चार हजारांना विकली जाते. हा मक्तेदार प्रामाणिक राहिला तर प्रत्येक ब्रासमागे पाचशे रुपयांनी बुडतो. पण सरकारची रक्कम ठरलेली आहे, ती वाढत नाही. त्याने दोन हजारांऐवजी पाच हजार ब्रास उचलले तर तोच भार दर ब्रासला बाराशेवर येतो आणि धंदा फायद्यात जातो. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. गणित मात्र कोणाही ट्रॅक्टरवाल्याला पाठ असते. मुदत थोडी आहे, पावसाळा येणार आहे, पुढच्या वर्षी घाट आपल्याकडे असेलच असे नाही. मग रात्रीचे दिवे लागतात, पोकलेन उतरते, एकाच पावतीवर तीन फेऱ्या होतात. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्या सज्जात अनेक गावे असतात आणि रात्री पात्रात उतरायला त्याच्याकडे ना पोलिस असतो ना धड वाहन. महसूल कर्मचाऱ्यांच्या अंगावर वाळूची वाहने घातल्याच्या बातम्या महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत इतक्यांदा वाचल्या आहेत की त्या आता आतल्या पानावर जातात.

चांदीची खाण आणि नदी यांत एक भेद आहे, असे कोणी म्हणेल. खाण संपते, नदी दरवर्षी नवी वाळू आणते. एके काळी हे खरे होते. परंतु पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले, पूर्णेवर येलदरीचे त्याआधी १९६८ मध्ये, आणि त्यानंतर गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे एकामागून एक आले. वरून वाहत येणारा गाळ आणि वाळू या भिंतींमागे अडकते. पात्रात आज जी वाळू आहे ती बहुतांशी जुनी पुंजी आहे. आणि ही वाळू नुसती पडून नसते. पावसाचे पाणी ती धरून ठेवते, उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाझरून देते. वाळू गेली की पाणी धावत निघून जाते, विहिरी लवकर तळ गाठतात, काठ ढासळतात, आणि उघड्या पात्रात जे खोल खड्डे उरतात त्यांत पोहायला गेलेली पोरे बुडतात. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे वाळूचा प्रश्न हा पाण्याचाच प्रश्न आहे. वसई-विरारच्या वाचकांना वैतरणेच्या रेल्वेपुलांचा अनुभव आहेच. पुलाच्या पायथ्याशी चाललेल्या रेतीउपशाविरुद्ध खुद्द रेल्वेलाच वारंवार ओरड करावी लागली.

राज्याने पद्धत बदलून पाहिली नाही असे नाही. एप्रिल २०२३ च्या धोरणाने लिलाव थांबवून सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरवले. हेतू चांगला होता. पण पात्रातून वाळू काढून डेपोपर्यंत नेण्याचे आणि डेपो सांभाळण्याचे काम निविदा काढून पुन्हा ठेकेदारांकडेच गेले. २०२५ च्या धोरणाने डेपो मागे घेतले आणि लिलाव परत आणला. घरकुलांसाठी काही वाळू राखून ठेवण्याची आणि दगडापासून कृत्रिम वाळू करण्याला उत्तेजन देण्याची भर त्यात घातली. दोन वर्षांत आपण एक वळसा पूर्ण केला. मॅसिडोनियाला नऊ लागली होती.

आता मूळ प्रश्न. जो दुसऱ्याला मक्ता देतो तो मक्त्याबरोबर आपली नैतिक जबाबदारीही देऊन टाकतो का?

देऊन टाकतो, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. राज्याने प्रत्येक काम स्वतःच्या हाताने करावे हे शक्य नाही आणि इष्टही नाही. आपली सामाजिक शिकवणच सांगते की खालच्या स्तरावर जे नीट होऊ शकते ते वरच्याने हिसकावू नये. मक्तेदार हा स्वतंत्र, जाणता माणूस आहे. त्याने अटींवर सही केली आहे. त्याने चोरी केली तर ती त्याची चोरी. शिवाय कंत्राटदार म्हटला की लुटारूच, हेही अन्यायाचे आहे. महात्मा फुले यांनी कंत्राटे घेतली होती आणि कंत्राटाच्या धंद्यात आत काय चालते हे त्यांना म्हणूनच कळत होते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जकातदार त्याच्याकडे आले तेव्हा नाके सोडून अरण्यात या, असे त्याने सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले.

पण योहानाच्या त्या उपदेशात एक गोष्ट गृहीत आहे. ‘ठरवून दिलेले’ काहीतरी असले पाहिजे, आणि ज्याने ते ठरवले त्याने ते पाळता येईल असे ठरवले पाहिजे. पाळले तर मक्तेदार बुडेल आणि मोडले तर कोणी पाहणार नाही, असा करार जेव्हा राज्य लिहिते तेव्हा ते मक्तेदाराच्या पापाची केवळ शक्यता निर्माण करीत नाही. त्या पापाची किंमत बोलीत धरून ती आगाऊ वसूल करते. चढलेल्या बोलीतील वरची रक्कम कुठून येणार हे बोली उघडणाऱ्या अधिकाऱ्याला कळत नसेल असे मानणे कठीण आहे. आपले नीतिशास्त्र दुसऱ्याच्या पापातील सहकार्याचे दोन प्रकार मानते. एकात आपण त्याचा वाईट हेतूच आपला करतो. दुसऱ्यात हेतू आपला नसतो, पण आपल्या कृतीने त्याला साधन मिळते. दुसऱ्या प्रकाराला कधी क्षमा असते, कधी नसते. सहकार्य किती जवळचे आणि ते टाळणे किती शक्य यावर ते ठरते. राज्याला त्या दुसऱ्या प्रकाराची ढाल घेता येईल का? मला शंका आहे. फळ हवे, ते कसे पिकते ठाऊक आहे, ते पिकवण्याची मुभा आपणच दिली आहे. यात हेतू आपला नाही, असे म्हणणे म्हणजे पिलाताचे पाण्याचे भांडे मागवणे होय.

परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात एक शब्द वापरला, जो मला या साऱ्या प्रश्नाची किल्ली वाटतो : अप्रत्यक्ष मालक. कामगाराला जो प्रत्यक्ष कामावर ठेवतो तो प्रत्यक्ष मालक. पण तो कसा वागेल हे ज्या संस्था, ज्या नियमावल्या, जे राज्य ठरवते, ते सारे अप्रत्यक्ष मालक, आणि कामगाराच्या हक्कांची जबाबदारी त्यांच्यावरही आहे. आपल्या देशाच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही याला मिळताजुळता विचार स्वीकारला होता : ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती चुकती करावी. मजुरीबाबत जे खरे, ते पात्राबाबत का खरे नसावे? कमल नाथ खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नद्या, वने, किनारे यांचे राज्य हे मालक नसून विश्वस्त आहे. शुभवर्तमानाच्या भाषेत, कारभारी. धनी परत आला की कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. शेत मी अमक्याला लावून दिले होते, हे उत्तर तेथे चालल्याचे एकाही दाखल्यात नाही.

रोमनांनाही हे कुठेतरी उमगले होते. इटलीतील व्हिक्टुमुले येथील सोन्याच्या खाणीत मक्तेदाराने पाच हजारांहून अधिक माणसे लावू नयेत असा सेन्सरांचा नियम होता, हे प्लिनी सांगतो. पुढे साम्राज्याच्या काळात, आजच्या पोर्तुगालमधील आल्जुस्त्रेलच्या खाणीसाठी केलेले नियम काशाच्या पत्र्यांवर कोरलेले सापडले आहेत. त्यांत खाणीच्या विवरांना आधार कसे द्यायचे याचे नियम आहेत आणि खाणवस्तीतील स्नानगृहाचा मक्ता घेणाऱ्याने पाणी किती वेळ तापते ठेवायचे तेही लिहिले आहे. स्नानगृहाचे पाणी तापवण्याची अट घालणारे राज्य हात झटकत नाही. ते मक्ता देते, पण पाठ फिरवत नाही. सुटका पद्धत बदलण्यात नाही, असे मला यावरून वाटते. लिलाव असो वा डेपो, वाळू मोजणारा प्रामाणिक माणूस रात्री पात्रावर उभा आहे का, आणि त्याच्या पाठीशी कोणी आहे का, यावर सारे अवलंबून आहे. रुटिलियसच्या पाठीशी कोणी नव्हते.

आणि आपण? वाळू सरकार खात नाही, गुत्तेदारही खात नाही. ती आपल्या भिंतींत जाते. बंगल्यांत, शाळांत, मंगल कार्यालयांत आणि देवळा-चर्चांतही. रात्री दोन वाजता दाराशी हायवा रिकामा होतो, पावती मागितली तर हजार-दोन हजार जास्त पडतील असे सांगितले जाते, आणि बांधकामाचा अंदाज आधीच ओलांडलेला असतो. येथे सर्वांना एकाच मापाने मोजू नये. घरकुलाचा पहिला हप्ता हाती घेऊन पाया खणलेल्या विधवेला बाजारात पावतीची वाळूच मिळत नसेल, तर तिचे सहकार्य दूरचे आणि जवळजवळ सक्तीचे आहे. ज्यांच्याकडे आर्किटेक्ट आहे, हिशेबनीस आहे, देणगीदारांची यादी आहे, त्यांना ती सवलत घेता येणार नाही. धर्मग्रामाचे सभागृह बांधणाऱ्या समितीला तर मुळीच नाही. पापनिवेदनाला जाताना आपण आठ दिवसांत कोणाला काय बोललो ते आठवतो. दोन वर्षांपूर्वी झालेल्या स्लॅबमधील वाळू कुठल्या घाटाची होती हे सदसद्विवेकबुद्धीच्या तपासणीत सहसा येत नाही.

जक्कयाची गोष्ट आपण झाडामुळे लक्षात ठेवतो. तिचा शेवट मात्र आकड्यांत आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. प्रभूने त्याला मक्ता सोडायला सांगितल्याचे संत लूक लिहीत नाही. तारणाचे शब्द त्याने हिशेब मांडल्यानंतर येतात. चौपट देण्यासाठी कोणाचे घेतले हे माहीत असावे लागते. यरीहोत ते जक्कयाला माहीत होते. नाक्यावरून गेलेली माणसे त्याच्या ओळखीची होती. पालमच्या खालच्या अंगाला ज्या शेतकऱ्याची विहीर फेब्रुवारीतच आटली, तो आपल्या ओळखीचा नाही, आणि त्याला परत द्यायची वाळू कोणाच्या अंगणात शिल्लक नाही. ती सिमेंटात मिसळून घट्ट झाली आहे.

तरी पुढच्या बांधकामाच्या वेळी विचारण्यासारखे काही उरतेच. वाहतुकीच्या पावतीवर घाटाचे नाव असते, ब्रास असतात, वाहनाचा क्रमांक आणि वेळ असते. ती कोणालाही वाचता येते. वाहन रिकामे होण्याआधी मागावी लागते, एवढेच.